एकाच माणसाची दोन दुखणी

गेल्या अंकात या पानावर काजूवरील ढेकण्यांविषयी लिहिले होते. त्यासंबंधी विचारायला आलेले एक वडीलधारे बागायतदार जाता जाता उंबऱ्यात थांबून म्हणाले, "फादर, झाडाच्या रोगावर लिहिता ते बरं आहे. पण आमच्या पोराच्या डोक्यात जे चाललंय त्यावर कधी लिहिणार?" आम्ही त्यांना तेथेच शब्द दिला. हा लेख म्हणजे त्या शब्दाची फेड आहे. त्यात आमच्या एका चुकीची कबुलीही आहे, ती ओघाने येईल.

ज्या तरुणाची हकिकत येथे देत आहोत त्याची व त्याच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तेव्हा हा कोण, याचा शोध वाचकांनी करू नये.

तरुण तिशीच्या आतला आहे. घरची तीन एकर भातजमीन, थोडा काजू आणि दोन म्हशी. लहानपणी तो हूड म्हणून प्रसिद्ध होता. छत्री, चपला, दप्तर, काहीतरी हरवल्याशिवाय शाळेतून घरी येत नसे. गुरुजी शिकवीत असताना त्याचे डोळे खिडकीबाहेर. नववीत शाळा सुटली. पुढे शेतात अंगमेहनतीला तो कोणाला हार जात नसे, पण सुरू केलेले काम पुरे होत नसे. बांध अर्धा घातलेला, कुंपण अर्धे ओढलेले, आणि पंप चालू ठेवून हा भलत्याच कामाला निघून गेलेला. घरच्यांनी त्याला आळशी ठरवले. आळस हे सात मूळ पापांपैकी एक, हे आम्हीही त्याला एकदोनदा ऐकवले होते.

मग एका वर्षी मार्चमध्ये त्याच्यात बदल झाला. रात्री दोनला निजावे, चारला उठावे आणि तरी दमू नये. बोलणे इतके वेगात की समोरच्याला मध्ये शब्द टाकता येत नसे. एके दिवशी पहाटे पाचला तो आमच्या दारात उभा. चर्चच्या आवारात काजू फोडण्याचा कारखाना काढू, पन्नास बायकांना काम देऊ, परदेशात माल पाठवू, असा सगळा बेत त्याने उभ्या उभ्या मांडला. त्याच आठवड्यात त्याने कूपनलिका व पॉवर टिलर अशा दोन्हींसाठी इसारा दिला आणि त्यासाठी दुभती म्हैस निम्म्या किमतीत विकून टाकली. आम्हांला काय वाटले? आम्हांला आनंद झाला. पोराला अखेर वाट सापडली असे समजून आम्ही त्याला फेस्ताच्या समितीचा प्रमुख केले आणि प्रवचनात त्याचे कौतुक केले. त्याची आई मात्र मागच्या दाराने येऊन म्हणाली, "फादर, त्यो रातभर निजंना झालाय. त्याला कौतुक नको, झोप पायजे." आम्ही तिला देवावर भार टाकायला सांगितले. तिला रोग दिसत होता, आम्हांला दिसला नाही.

जुलैत रोपलावणीच्या ऐन घाईत तो अंथरुणातून उठेना. तरवा वाढून पिवळा पडला. शेवटी शेजाऱ्यांनी येऊन लावणी उरकली. खाणे नाही, अंघोळ नाही, "माझ्यामुळे घर बुडाले" एवढेच पुन:पुन्हा बोलणे. त्याला तालुक्याला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी खिन्नतेच्या गोळ्या दिल्या. तीनएक आठवड्यांत तो उठला, पण थांबला नाही. पुन्हा रात्रीची झोप गेली, पुन्हा नवे बेत सुरू झाले. त्या डॉक्टरांना दोष देण्याचा आमचा हेतू नाही. मार्च महिन्यात काय घडले होते ते त्यांना कोणी सांगितलेच नव्हते. घरच्यांच्या लेखी मार्चमधला मुलगा आजारी नव्हता, जुलैमधला होता.

येथेच पहिला धडा आहे. ज्या दुखण्याला डॉक्टर बायपोलर किंवा द्विध्रुवीय विकार म्हणतात, त्यात मनाला भरती येते आणि ओहोटीही येते. भरतीला उन्माद म्हणतात. तिच्यात झोपेची गरजच कमी होते, बोलणे व विचार धावतात, आपण काहीही करू शकतो असे वाटते, पैसा उधळला जातो, कधी भांडण, कधी व्यभिचार, कधी भ्रम. असे आठवडाभर टिकले, किंवा रुग्णालयात न्यावे लागण्याइतके वाढले, तर तो उन्माद धरतात. सौम्य रूप चार दिवसांचेही असते आणि तेच फसवते, कारण माणूस तेव्हा नेहमीपेक्षा हुशार व उत्साही दिसतो. ओहोटी निदान दोन आठवड्यांची, बहुधा त्याहून लांब. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ साली जगात सुमारे ४ कोटी लोकांना हा विकार होता. तेव्हा हे आपल्याच गावावर आलेले अरिष्ट नव्हे, करणी नव्हे आणि आईबापांच्या पापाची शिक्षा तर मुळीच नव्हे. रक्तातून हा आजार पुढे येण्याची प्रवृत्ती मात्र असते. म्हणून डॉक्टरांनी विचारले असता, विहिरीत उडी घेतलेल्या काकांविषयी किंवा वर्षानुवर्षे घरात कोंडून ठेवलेल्या आत्याविषयी मोकळेपणाने सांगावे. अब्रूपोटी झाकून ठेवलेली एक गोष्ट निदान चुकवू शकते.

खिन्नतेच्या गोळ्या एकट्याच दिल्या तर या रुग्णांपैकी काहींना त्या ओहोटीतून उचलून थेट भरतीत फेकतात. आमच्या तरुणाचे तेच झाले. म्हणून डॉक्टरांकडे जाताना पडलेल्या दिवसांबरोबर चढलेल्या दिवसांचीही हकिकत न्यावी, आणि ती सांगायला घरचे माणूस बरोबर असावे. रुग्णाला स्वतःला चढलेले दिवस आजाराचे वाटतच नाहीत.

पुढे तो मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला. औषध लागू पडायला काही महिने लागले. भरती-ओहोटी शमली, घरात हायसे झाले. तेव्हा एके दिवशी त्याची बायको आम्हांला म्हणाली, "फादर, मन शांत झालं त्यांचं, पण हरवणं काही गेलं नाही. सोसायटीचं पासबुक तिसऱ्यांदा हरवलं. पंप अजून चालूच राहतो." आम्ही म्हणालो, स्वभाव आहे, चालायचेच. तिने आमचे ऐकले नाही आणि पुढच्या खेपेस डॉक्टरांना तेच सांगितले. डॉक्टरांनी आईला बोलावून घेतले, शाळेच्या दिवसांची बारीक चौकशी केली आणि दुसरे निदान केले. लक्ष न टिकण्याचा व अतिचंचलतेचा विकार, ज्याला एडीएचडी म्हणतात तो. या घरातल्या बायकांनी दोनदा आम्हांला खोटे पाडले, हे येथे नमूद करणे प्राप्त आहे.

हा विकार मुलांचा समजला जातो आणि त्याची लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसलेली असावी लागतात हे खरे. पण पुष्कळांमध्ये तो मोठेपणीही राहतो. पळापळ कमी होते. विसरणे, हरवणे, अर्धवट सोडणे, वेळेचा अंदाज न येणे, मागचापुढचा विचार न करता बोलून जाणे, हे उरते. बायपोलर असलेल्या प्रौढांपैकी साधारण सहांत एकाला हाही असतो, असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलेल्यांचे अनुमान आहे. म्हणजे हा योग दुर्मिळ नाही.

दोन्ही ओळखायचे कसे? वरवर पाहता दोन्हींत माणूस फार बोलतो, स्वस्थ बसत नाही, एकाचे दोन करतो. फरक काळाचा आहे. लक्षाचा विकार बारमाही आहे; लहानपणापासून, सणाला आणि सुगीला, सुखात आणि दुःखात तो तसाच असतो. बायपोलर येतो आणि जातो. मधल्या काळात माणूस जवळजवळ पूर्ववत असतो. दुसरी खूण झोपेची. लक्षाचा विकार असलेल्यालाही उशिरापर्यंत झोप न येणे होते, पण न झोपल्यावर दुसऱ्या दिवशी तो पेंगतो. उन्मादात दोन तास झोपलेला माणूस ताजातवाना नांगर धरतो. घरच्या माणसाला हे दोन प्रश्न विचारता आले तरी डॉक्टरांचे निम्मे काम सोपे होते: हे केव्हापासून आहे, आणि झोप किती आहे? उरलेले निम्मे मात्र त्यांनीच करायचे. घरी बसून निदान करू नये, आणि पाद्रीबाबांनीही करू नये.

आता उपचाराचा क्रम. काजूच्या एकाच झाडाला ढेकण्या आणि रोठा दोन्ही लागले तर आपण काय करतो? ढेकण्या पालवी आणि मोहोर जाळतो, तो डोळ्यांना दिसतो. पण रोठा खोडात शिरून झाड मारतो. शहाणा बागायतदार आधी खोड पाहतो. येथेही तसेच आहे. आधी बायपोलरची लाट आवरायची, ती काही काळ स्थिर राहिली की मग लक्षाच्या विकाराकडे वळायचे. याला कारण आहे. लक्षाच्या विकारावर मेथिलफेनिडेट हे उत्तेजक औषध पुष्कळांना लागू पडते, पण बायपोलर रुग्णाला ते एकटेच दिले तर उन्माद भडकू शकतो. स्वीडनमधल्या राष्ट्रीय नोंदींवरून सुमारे २,३०० प्रौढ बायपोलर रुग्णांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मन स्थिर ठेवणारे औषध न घेता ज्यांनी मेथिलफेनिडेट सुरू केले, त्यांच्यात पहिल्या ३ महिन्यांत उन्मादाचा धोका सहा पटींहून अधिक वाढलेला दिसला. स्थिर ठेवणारे औषध आधीपासून घेत असलेल्यांत तशी वाढ दिसली नाही. औषध तेच, त्याआधी काय घातले यावर फळ ठरले. म्हणून शेजारच्या मुलाला दिलेल्या गोळ्या आपल्या मुलाला चालतील असे कोणी समजू नये. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मिळत नाही, आणि तेच योग्य आहे.

मन स्थिर ठेवणाऱ्या औषधांत सर्वांत जुने म्हणजे लिथियम. हे एक साधे क्षार आहे, खडकांत आणि पाण्यात सापडणारे. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड या डॉक्टरांनी उन्मादाच्या दहा रुग्णांना ते देऊन पाहिले आणि वर्षानुवर्षे कोंडलेली माणसे शांत झालेली पाहिली. पण त्या काळी रक्तातले लिथियम मोजण्याची सोय रुळलेली नव्हती, आणि केड यांचा पहिलाच रुग्ण पुढे त्याच्या विषबाधेने दगावला. औषध गुणकारी, पण पुरेसे आणि जास्त यांतले अंतर थोडे. रक्तात ते साधारणपणे ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर एवढे ठेवतात, १.५ च्या वर विषारी लक्षणे दिसू लागतात. म्हणून रक्ततपासणी टाळू नये. तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यावयाचे असते. मूत्रपिंड व थायरॉइड यांची तपासणीही साधारण सहा महिन्यांनी होते. आत्महत्येचा धोका कमी करण्यात या औषधाइतका दीर्घ अनुभव दुसऱ्या कोणत्याच औषधाचा नाही, म्हणून एवढा खटाटोप.

शेतकऱ्याने लिथियम घेताना काही गोष्टी शहरातल्या माणसापेक्षा अधिक सांभाळाव्या लागतात, आणि त्या दवाखान्यात कोणी फारशा सांगत नाही. शरीरातले पाणी आणि मीठ घटले की रक्तातले लिथियम वाढते. एप्रिलच्या उन्हात काजू वेचताना घाम निथळतो. बरोबर पाण्याची कळशी हवीच. जुलाब, उलट्या, ताप झाला तर त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे, पुढची गोळी घ्यावी की थांबावे. रक्तदाबासाठी कोणी सांगितले म्हणून मीठ एकदम तोडू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्याही लिथियम वाढवतात. कंबर धरली की आपण दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणतो. लिथियम घेणाऱ्याने ती डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत. अंगदुखीला पॅरासिटामॉल बरे. हात फार थरथरणे, चालताना झोक जाणे, जीभ जड होणे, उलट्या व जुलाब, गुंगी, ही विषबाधेची लक्षणे दिसताच गोळी थांबवून थेट रुग्णालय गाठावे. याउलट, बरे वाटू लागले म्हणून आपल्या मनाने औषध एकदम सोडले तर आजार पूर्वीपेक्षा जोराने उलटण्याचा धोका असतो.

उपवासकाळाविषयी येथेच सांगून टाकतो. आजाऱ्याला उपवासाचे बंधन नाही. लिथियम घेणाऱ्याने निर्जळी किंवा अळणी व्रत धरू नये. ज्याला त्याग करायचाच आहे त्याने हुर्राकचा त्याग करावा, तो दोन्ही दुखण्यांना मानवतो.

स्त्रियांसाठी एक सूचना. व्हॅल्प्रोएट हे औषधही या विकारात देतात, पण गर्भावर त्याचे गंभीर परिणाम होतात. मुलगी लग्नाची असेल, सूनबाईला मूल हवे असेल, तर हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. गर्भ राहिल्याचे कळताच घाबरून औषध तोडू नये; त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटावे.

आता मुख्य अडचणीकडे वळू. दोन दुखणी एकत्र आली की दुसरे पहिल्याचा उपचार मोडते. ज्याला पासबुक सांभाळता येत नाही त्याला रोजची गोळी कशी आठवेल? आमच्या तरुणाने पहिल्या वर्षात दोनदा औषध सोडले, तेव्हा आम्ही त्याला बेजबाबदार म्हणालो. त्याने ते सोडलेले नव्हते. तो विसरत होता, आणि चार दिवस चुकल्यावर लाजेने सांगत नव्हता. त्याच्या बायकोने त्यावर उपाय काढला. सात खणांची गोळ्यांची डबी आणली आणि ती रात्रीच्या धारेच्या चरवीशेजारी ठेवली. म्हैस काही पिळल्याशिवाय राहू देत नाही, त्यामुळे गोळीही राहत नाही. गोळीला घड्याळाशी बांधण्यापेक्षा न चुकणाऱ्या कामाशी बांधावे, हे या घराकडून शिकण्यासारखे आहे. खण रिकामा झाला की नाही ते कोणीही न विचारता पाहू शकतो, म्हणजे "गोळी घेतलीस का?" या रोजच्या भांडणाला जागा उरत नाही.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज सकाळी एकच आकडा लिहायचा: काल रात्री किती तास झोप झाली. सलग दोन रात्री आकडा नेहमीपेक्षा फार खाली गेला आणि तरी थकवा दिसला नाही, तर वाट न पाहता डॉक्टरांना कळवायचे. भरती येण्याआधी बहुधा झोप जाते, आणि झोप मोडल्यानेही भरती येते. म्हणून रानडुकरांच्या राखणीला रात्री या माणसाला पाठवू नये, रात्रीच्या विजेवर पाणी पाजायला भावाने जावे, आणि मळणीची जागरणे इतरांनी वाटून घ्यावीत. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला तो आला नाही तर कोणी भुवया उंचावू नयेत. सकाळची मिस्सा आहे.

कामाच्या बाबतीत, सकाळी फळ्यावर तीन कामे लिहावीत, त्याहून अधिक नकोत. एक पुसल्याशिवाय दुसऱ्याला हात नाही. पंपाला आपोआप बंद होणारे यंत्र बसवले तर एका मोसमात पैसे वसूल होतात.

पैशाचा करार माणूस शांत असताना करावा. या घराने ठरवले आहे की ५,००० रुपयांवरचा कोणताही व्यवहार तीन रात्री मध्ये गेल्याशिवाय करायचा नाही, आणि जमिनीचे कागद मामांकडे राहतील. त्याने स्वतः हे लिहून सही केली. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही शांत असताना आपली इच्छा लेखी नोंदवण्याची सोय दिली आहे: आजार बळावला तर कसा उपचार हवा, कसा नको, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे. त्याच कायद्याने रुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई केली आहे. हे वाक्य आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, आणि का ते काही घरांना कळेल.

एक गोष्ट राहिली, ती सर्वांत आधी करायची. फवारणीची औषधे घरात, गोठ्यात, माळ्यावर ठेवू नयेत. ज्या घरात हा आजार आहे त्या घरातली बाटली शेजाऱ्याच्या कुलपात राहावी आणि फवारणीच्या दिवशी लागेल तेवढीच आणावी. मरणाचा विचार पुष्कळदा काही मिनिटांचा, काही तासांचा असतो; त्या वेळात विष हाताशी नसले तर माणूस वाचतो. लक्षाचा विकारही असलेल्या माणसात विचार आणि कृती यांच्यातले अंतर आणखी कमी असते, म्हणून येथे हयगय नको. "मरावेसे वाटते का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो असेल तर त्याला एकटे सोडू नये. १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक २०२२ पासून चालू आहे. रात्रीअपरात्री, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. प्रयत्न होऊन गेला असेल तर पोलिसांच्या भीतीने रुग्णालय टाळू नये. त्याच २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार न मानता उपचार देण्याचे बंधन सरकारवर घातले आहे.

आमचा तरुण आता कसा आहे, असे वाचक विचारतील. पॉवर टिलरच्या इसाऱ्याचे पैसे परत आले नाहीत आणि विकलेल्या म्हशीच्या जागी दुसरी अजून आलेली नाही. लाट शमून वर्ष उलटल्यावर डॉक्टरांनी लक्षाच्या विकाराचे औषध अगदी थोड्या मात्रेत सुरू केले. पहिल्या तीन महिन्यांत कॅलेंडरवरचा झोपेचा आकडा ते दर खेपेस पाहत होते. गेल्या पावसात एक ओहोटी आली, पण तरवा पिवळा पडण्याच्या आत ओळखली गेली. पश्चिमेकडचे कुंपण त्याने यंदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरे केले. ते दाखवायला तो आम्हांला घेऊन गेला होता.

दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी धर्मग्रामाची जीप सकाळी साडेसहाला जिल्हा रुग्णालयात जाते. जागा सहा आहेत. नावे बुधवारी संध्याकाळपर्यंत आईसाहेबांकडे, म्हणजे वर सांगितलेल्या तरुणाच्या मातोश्रींकडे नव्हे तर आमच्या स्वयंपाकघरातल्या आईसाहेबांकडे द्यावीत. कोणत्या विभागात जायचे ते त्या विचारत नाहीत. लिथियमच्या तपासणीला येणाऱ्यांनी रात्रीची गोळी किती वाजता घेतली ते कागदावर लिहून आणावे, आणि सकाळची गोळी खिशात ठेवून रक्त दिल्यानंतरच घ्यावी.